रोजचा पहिला घोट

पस्तीस वर्षं मी लोकांची धुराडी झाडली. नाकात काजळी, घशात काजळी, सुपाच्या पहिल्या चमच्यालाही काजळीचीच चव. अशा माणसाच्या जिभेवर एका पबची अब्रू टांगली जाईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण फेब्रुवारीत माझ्या बायकोला ताप आला, आठ दिवसांनी गेला आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला.

माझी बायको हेदविका आमच्या ल्होटका गावचा पब चालवते. गावात तो एकच. एकतीस वर्षं तिथल्या बिअरच्या पितळी नळावर तिच्याशिवाय कुणाचा हात पडलेला नाही. माझाही नाही. मी पिंपं तळघरात उतरवायची, शेगडी पेटवायची, नळ्या धुवायच्या आणि नळापासून चार हात लांब राहायचं. ती ग्लास थंड पाण्यात बुडवून काढणार, तिरका धरणार, आधी ओला फेस, त्याखाली बिअर, वर तीन बोटं फेसाची साय. पाद्री प्रार्थना चुकेल पण हेदविकाचा फेस चुकायचा नाही, असं गावात म्हणत. खुद्द पाद्रीच म्हणायचा, तिसऱ्या ग्लासानंतर.

नळ चालवणाऱ्याचा एक नेम असतो. रात्रभर नळीत राहिलेली बिअर सकाळी ओतून द्यायची आणि त्यानंतरचा पहिला घोट स्वतः घ्यायचा. तो घेतल्याशिवाय गिऱ्हाइकापुढे ग्लास ठेवायचा नाही. तापातून उठल्यावर पहिल्या सकाळी हेदविकाने घोट घेतला आणि ग्लासाकडे बघत राहिली.

"बोहुश, हे पाणी आहे."

"पाणी कसं असेल? कालच तर पिंप लावलंय."

"गार लागतंय. जरा कडू. बाकी काहीच नाही रे. वास कुठे गेला?"

डॉक्टर म्हणाली, येईल कदाचित, नाहीही येणार. हेदविकाने माझ्याकडून शपथ घेतली, गावात कुणाला सांगायचं नाही. "वास न येणाऱ्या बाईच्या हातची बिअर कोण पिणार? आंधळ्याकडून दाढी करून घेण्यातलाच प्रकार तो." तेव्हापासून पहिला घोट माझ्याकडे आला. रोज सकाळी ती ग्लास माझ्या हातात द्यायची, ॲप्रनखाली हात बांधून उभी राहायची आणि विचारायची, "कशी आहे?"

मी म्हणायचो, "खणखणीत."

महिनाभर ते खरं होतं.

मार्चमध्ये मी पहिल्यांदा खोटं बोललो. कारण साधं आहे आणि त्यात माझी बाजू काही उजळ होत नाही. पूर्वी पन्नास लिटरचं पिंप एका संध्याकाळीत रिकामं व्हायचं. आता म्हाताऱ्यांपैकी तिघे स्मशानात गेले, दोघांना साखर झाली, आणि पोरं शहरात कामाला जातात, येताना दुकानातून कॅन उचलतात आणि टीव्हीपुढे बसून पितात. पिंप पाच-पाच दिवस चालायला लागलं. आमचं यंत्र जुनं, साध्या हवेने बिअर वर ढकलणारं. हवा लागली की तिसऱ्या दिवसापासून बिअर उतरते. त्या दिवशी चौथा दिवस होता. मी घोट घेतला आणि जिभेच्या कडेला ओल्या पुठ्ठ्याची चव लागली. मागून आंबटपणा आला.

आणि त्याच सकाळी हेदविकाने कांदा जाळला होता. धूर दिसेपर्यंत तिला कळलं नाही. नंतर ती मागच्या पायरीवर बसून रडली. "उद्या घर पेटलं तरी मला पत्ता लागायचा नाही," म्हणाली. तेच सुजलेले डोळे घेऊन ती माझ्यासमोर उभी होती.

"कशी आहे?"

"खणखणीत," मी म्हणालो.

मला तिची दया आली. दया म्हणतो खरा, पण त्यात आळसही होता. अर्धं भरलेलं पिंप तळघरातून वर ओढायचं आणि तिच्या डोळ्यांदेखत गटारात ओतायचं, तेही माझ्या या कमरेने! म्हटलं, उद्या नवं पिंप लावू, आजचा दिवस निभावून जाईल. एकदा खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी खरं बोलायला कालचं खोटंही कबूल करावं लागतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. पुढच्या पिंपाच्या चौथ्या दिवशी मी तेच म्हणालो. त्याच्या पुढच्या पिंपाला तिसऱ्याच दिवशी म्हणालो, कारण आता नळ्यांनीही आंबटपणा धरला होता, आणि नळ्या धुण्यात मी कुचराई करतो हे कबूल करायची माझी तयारी नव्हती.

आमच्याकडे पबमध्ये दुसरा ग्लास मागावा लागत नाही. पहिला संपत आला की दुसरा आपोआप समोर येतो. पुरे झालं असेल तर पुठ्ठ्याची चकती उचलून ग्लासावर ठेवायची, बस. विलेम, आमच्या अग्निशमन दलाचा म्होरक्या, चाळीस वर्षांत सहा ग्लासांच्या आत कधी चकतीला हात लावायचा नाही. एप्रिलमध्ये त्याने पहिल्याच ग्लासावर चकती ठेवली. मग त्याच्या शेजारच्याने ठेवली. आठवड्याभरात अख्खं टेबल झाकलेल्या ग्लासांचं दिसायला लागलं.

कुणी एक शब्द बोललं नाही. हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण आमच्या गावात माणूस एकवेळ शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणेल, नळावरच्या बाईला 'तुझी बिअर आंबली' म्हणणार नाही. त्यातून हेदविकाला तर नाहीच. ते माझ्याकडे बघायचे आणि मी शेगडीकडे बघायचो. मग हळूहळू ते पबमध्ये यायचेच बंद झाले. अग्निशमनच्या शेडमध्ये, बंबाच्या मागे बाकं टाकून, कॅन घेऊन बसायला लागले.

हेदविकाच्या ते लक्षात आलं. एका शनिवारी दुपारी ती ॲप्रन न काढताच शेडवर गेली. मी मागोमाग पळालो.

"वा रे वा! सगळं मंत्रिमंडळ इथे भरलंय होय!" ती दारातूनच म्हणाली. विलेमच्या हातातला कॅन अर्ध्यावर थांबला. "विलेम, तुझ्या बापाला माझ्या सासऱ्याने बिअर पाजली, तुला मी पाजली. आणि तू आता पत्र्याला तोंड लावून पितोस? शेळीसारखा?"

"शेळी पत्र्याला तोंड लावत नाही, मालकीणबाई," कुणीतरी मागून म्हणालं, पण कुणी हसलं नाही.

विलेमने माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मी बंबाच्या चाकाकडे बघत होतो.

"पोट बिघडलंय, मालकीणबाई," तो म्हणाला. "नळाची गार बिअर सोसत नाही."

"आणि डब्यातली काय चुलीवर तापवून घेतोस?"

"स्वस्तही पडते."

"हां, ते बोल! चिकट कुठला. बायको मेली तेव्हा महिनाभर माझ्या टेबलावर बसून रडलास, तेव्हा मी काय स्वस्त-महाग बघितलं होतं का?"

सत्तरीचा माणूस. मान खाली घालून ऐकत राहिला. एका वाक्यात तो मला उघडं पाडू शकला असता. त्याने कॅन बाकाखाली ठेवला आणि म्हणाला, "चुकलंच." त्या दिवशी मला स्वतःची जी लाज वाटली, ती धुराड्यातून पडून दोन्ही पाय मोडले असते तरी वाटली नसती. पण लाज वाटली म्हणून तोंड उघडलं का? नाही.

घरी हेदविका ग्लास घासत बसायची. तिला नाक नव्हतं, पण एकतीस वर्षांची नजर होती. चांगल्या बिअरचा फेस प्रत्येक घोटागणिक ग्लासाला एकेक कडी ठेवून जातो. तिच्या ग्लासांना कड्या राहत नव्हत्या, फेस बसल्या जागी मरत होता. ग्लासाला तेलकटपणा असेल म्हणून तिने सोड्याने घासले, व्हिनेगरने घासले, नवा ब्रश आणला. बोटांची सालं निघाली. मग एक दिवस तिने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला.

"बोहुश, ही गढूळ दिसतेय का रे?"

"कुठे? आरपार दिसतंय."

"नीट बघ."

"बघितलं. पलीकडे चर्चचं घड्याळसुद्धा वाचता येतंय."

तिने ग्लास खाली ठेवला. "मग माझ्याच डोळ्यांत काहीतरी झालंय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिने यिह्लावा शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावला.

त्याच रविवारी आमची मुलगी युदिता आली. जूनच्या पहिल्या शनिवारी रादिमशी तिचं लग्न होतं. मे महिन्यात आमच्याकडे कुणी लग्न करत नाही, वर्षाच्या आत तिरडी उठते म्हणतात. ऐंशी माणसं, अग्निशमनची शेड, दोन डुकरं, सगळं ठरलेलं. कॉफी पिता पिता तिने सहज बोलल्यासारखं करून सांगितलं, "आई, बिअरचं मी बघितलंय. कॅन मागवलेत."

हेदविकाने कप खाली ठेवला. "कसले कॅन?"

"बिअरचे. सोयीचं पडतं गं. तुला त्या दिवशी नळावर उभं राहायला नको. नवरीची आई आहेस, बस की जरा."

"माझ्या मुलीच्या लग्नात कॅन," हेदविका म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "रादिमच्या आईला आवडत नाही का माझी बिअर?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

युदिताने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि तळघरात काहीतरी आणायचं आहे असं पुटपुटत निघालो. पोरगी मागोमाग आली आणि तिने वरचं दार लावून घेतलं.

"बाबा, तू ती बिअर पितोस?"

"रोज पितो."

"आणि?"

मी रिकामी पिंपं मोजायला लागलो.

"मी ईस्टरला आले होते तेव्हा रादिमने अर्धा ग्लास कुंडीत ओतला. आईसमोर हसत होता बिचारा. आईला काय झालंय? तिला कळत कसं नाही?"

शपथ मोडली. नाकाचं सांगितलं, पहिल्या घोटाचं सांगितलं, 'खणखणीत'चं सांगितलं. ती पिंपावर बसली.

"म्हणजे ती तुला विचारते आणि तू खोटं सांगतोस. दोन महिने."

"तिला वाईट वाटेल म्हणून."

"आता फार बरं वाटतंय का तिला? बाबा, तू सांग. नाहीतर मी सांगते. बुधवारपर्यंत."

"बुधवारी ती यिह्लावाला चाललीय. डोळे दाखवायला."

"डोळ्यांना काय झालं?"

"बिअर गढूळ दिसते म्हणते."

युदिता माझ्याकडे अशी बघायला लागली, की मला वाटलं आता ही मला बाबा म्हणायची नाही. "दिसते कारण आहे," ती हळूच म्हणाली. "आणि तू तिला डॉक्टरकडे जाऊ देतोयस?"

बुधवारी सकाळी मी हेदविकाला बसथांब्यावर सोडायला गेलो. आज सांगायचंच असं ठरवून, दाढी करून गेलो होतो. ती चांगला कोट घालून, पर्स दोन्ही हातांत धरून उभी होती.

"मोतीबिंदू असेल तर काढता येतो म्हणतात," ती म्हणाली. "पण दुसरं काही असलं, तर मी नळ सोडणार, बोहुश. नाक नाही, डोळे नाहीत, अशा बाईने लोकांना काय पाजायचं? युदिताचं बरोबर आहे. कॅनच बरे."

वळणावर बस दिसली. मी तोंड उघडलं.

"सुटे पैसे घेतलेस ना?" मी म्हणालो.

चार वाजता मी पब उघडला. विलेम आला होता, एकटाच. मला वाटतं, शनिवारच्या बोलण्यानंतर तिला बरं वाटावं म्हणून तो रोज येऊन एक आंबट ग्लास गिळून जायचा. साडेचारची बस थांबली. हेदविका आत आली, कोट काढला नाही, सरळ नळामागे गेली. ग्लास बुडवला, भरला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"डॉक्टर म्हणाला, साठीत असे डोळे त्याने फार थोडे पाहिलेत," ती म्हणाली. "जवळचं वाचायला चष्मा लागेल. बाकी शाबूत."

विलेमने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"विलेम, तुझं पोट कसं आहे?"

"पोटाला काही झालेलं नाही, मालकीणबाई."

"मग बिअर कशी आहे ते सांग."

त्याने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी नजर चुकवली नाही. चुकवायला जागाच उरली नव्हती.

"आंबलीय," विलेम म्हणाला. "मार्चपासून."

हेदविकाने मान हलवली, एखाद्याने वाट सांगितल्यावर हलवतात तशी. मग तो ग्लास तिने माझ्यापुढे ठेवला.

"पी. सगळा."

मी प्यायलो. फेस आधीच मेला होता. रिकामा ग्लास तिच्यापुढे ठेवला.

"कशी आहे?"

"आंबट."

"आणखी?"

"ओल्या पुठ्ठ्यासारखी. गढूळ आहे. हेदा, मला तुला दुखवायचं नव्हतं. तू त्या दिवशी पायरीवर रडत होतीस..."

"रडत होते. नाक गेलं म्हणून रडत होते." तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "पण डोळे होते माझ्याकडे. ते रोज खरं सांगत होते मला. कड्या राहत नाहीत, फेस मरतोय, गढूळ आहे. आणि मी तुझं ऐकून माझ्या डोळ्यांना खोटं ठरवलं. हात सोलून घेतले. या म्हाताऱ्याला चिकट म्हणाले, त्याच्या मेलेल्या बायकोवरून बोलले. आज बसमध्ये मी काय विचार करत होते माहितीय? डोक्यातच काही बिघडलंय की काय माझ्या. माझ्या आईचं झालं होतं तसं."

विलेम उठला. "मी बाहेर थांबतो."

"तू बस," ती म्हणाली. "तुझी माफी मागायचीय मला."

तिने ती मागितली, माझ्यासमोर, सविस्तर. मग मला म्हणाली, "पिंप वर काढ." ते मी एकट्याने ओढलं. विलेम मदतीला उठला तर तिने त्याला बसवलं.

पुढचं सगळं इतकं सोपं निघालं की राग येतो. तिने गावाला नाकाचं सांगून टाकलं आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. अर्ध्या गावाच्या नाकावरून तो ताप गेलेला होता. पन्नासऐवजी तीस लिटरची पिंपं मागवली. नळ फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, बाकी दिवस कॅन. फ्रिज तिने स्वतः नळाशेजारी लावून घेतला. "शिळ्या नळापेक्षा ताजा डबा बरा," असं ती स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायला लागली. नळ्या धुवायला बिअरच्या कारखान्याचा माणूस येतो. आणि शुक्रवारी पहिला घोट विलेम घेतो. तो खोटं बोलत नाही. मागच्या महिन्यात एकदा त्याने तोंड वाकडं केलं आणि तिने अख्खं पिंप गटारात ओतलं. रडली नाही की काही नाही.

मार्चच्या त्या सकाळी मी एक शब्द खरा बोललो असतो, तर हे सगळं मार्चमध्येच झालं असतं.

लग्नात युदिताने कॅन परत पाठवले. ऐंशी माणसांपुढे पिंप कशाला उरतंय? चार पिंपं दोन तासांत गेली. हेदविका नवरीची आई असून नळावर उभी राहिली, फुलांची माळ घालून. माझ्यापुढेही तिने ग्लास ठेवला. तीन बोटं साय, स्वच्छ, घोटागणिक कडी. कित्येक महिन्यांत इतकी चांगली बिअर मी प्यायलो नव्हतो. तोंडात घोट होता तोवरच ती पुढच्या ग्लासाकडे वळली.

मी तिची माफी मागितली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. पहिल्याच वेळी ती म्हणाली, "केलं माफ." आणि केलंय तिने, मला ठाऊक आहे. टोमणा नाही, अबोला नाही. माझ्या शर्टांची बटणं लावते, माझ्या आवडीचे डम्पलिंग करते, रात्री पाय गार पडले की माझ्या पायांना लावते.

परवा सकाळी मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो होतो. ती फ्रिजमधून दुधाचं भांडं काढून उभी राहिली. दूध दोन दिवसांचं होतं. तिने ते उजेडात धरून पाहिलं, हलवून पाहिलं. मी हात पुढे केला. तिने तो पाहिला आणि खिडकी उघडून कुंपणापलीकडच्या शेजारणीला हाक मारली.

"श्टेफ्का, जरा येतेस का गं? हे दूध हुंगून बघायचंय."